घराबाहेर गेलेली चूल



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या १० ते १६ या श्लोकांवर. खरं तर हे श्लोक मागच्याच सोमवारी घ्यायचे होते. लिहायला बसलो, अर्धं लिहिलं आणि पुसून टाकलं. का ते सांगतो.

आधी श्लोकांचा अर्थ थोडक्यात. प्रजापतीनं प्रजा निर्माण केली ती यज्ञासकट. तुम्ही देवांना पोसा, देव तुम्हाला पोसतील, असा हा व्यवहार. त्यांनी दिलेलं त्यांना परत न देता जो एकटाच उपभोगतो, त्याला भगवंत ‘स्तेन’ म्हणतात. स्तेन म्हणजे चोर. एवढा कडक शब्द गीतेत फार वेळा येत नाही. पुढे सांगतात की यज्ञातून उरलेलं खाणारे पापातून सुटतात आणि फक्त स्वतःसाठी शिजवणारे पापच खातात. मग ती साखळी येते: जीव अन्नातून, अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून, यज्ञ कर्मातून. हे चक्र जो पुढे फिरवत नाही त्याचं जगणं फुकट गेलं, असं म्हणून हा भाग संपतो.

सोमवारी मी काय लिहिलं होतं? हेच की रोज नैवेद्य दाखवा, जेवणाआधी दोन मिनिटं हात जोडा, कृतज्ञता ठेवा. म्हणजे चोरांच्या यादीतून मी स्वतःला आधीच वगळलं होतं. कारण मी तर रोज नैवेद्य दाखवतो. सकाळी बाळकृष्णाला अभिषेक करतो, आधी दुधाचा, मग पाण्याचा. भांडुपच्या चौदाव्या मजल्यावर राहून, नऊ वाजता लॉगिन असताना इतकं करणारे कितीजण असतील, असा थोडा ताठाही होता. कबूल करतो.

त्या दिवशी अभिषेक झाला आणि ताम्हनातलं दूध-पाणी मी नेहमीसारखं बेसिनमध्ये ओतलं. नळ वाहताच होता. भांडी घासायला येणाऱ्या मावशी बाजूला उभ्या होत्या. त्यांनी हात लांब करून नळ बंद केला आणि म्हणाल्या, “दादा, तुळशीला तरी घालायचं हे. देवाचं पाणी गटारात कशाला?”

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “मावशी, गाव कुठलं तुमचं?” चार वर्षं त्या आमच्याकडे येतात. हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होतो, हे विचारल्यावर लक्षात आलं.

“शहापूर तालुका. धरणाच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. दारातून धरण दिसतं. होळी झाली की टँकर लागतो.”

एवढंच बोलून त्या भांड्यांकडे वळल्या. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मी मात्र लॅपटॉप उघडला आणि लिहिलेलं सगळं पुसलं.

मग ठरवलं की एक दिवस, फक्त एक दिवस, माझ्याकडे जे जे येतं ते कुठून येतं हे वहीत लिहायचं. किती रुपये लागले ते लिहायचं नाही. पाणी किती, कोळसा किती, कुणाच्या जमिनीतून आला, एवढंच.

पाण्यापासून सुरुवात केली. मुंबईला सात तलाव पाणी देतात. विहार त्यातला सगळ्यात जुना, १८६० सालचा. तुळशी आणि विहार शहराच्या पोटातच आहेत, पण त्यांचं पाणी आता नावापुरतं. तानसा १८९२ चा. मग वैतरणेची तीन धरणं, आणि भातसा. रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी शहरात येतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून पिसेपर्यंत येतं, तिथे उपसलं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मोठ्या जलवाहिन्यांतून आपल्यापर्यंत पोचतं. तानसा आणि भातसा दोन्ही शहापूर तालुक्यात. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. ही बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो. तिथे पाऊस काही कमी नाही, दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, वाहून जातं. वाहून जिथे साठतं तो तलाव आपला, आणि पाडा वर टेकाडावर.

मोठ्या शहरात माणशी रोज १३५ ते १५० लिटर पाणी हे सरकारी प्रमाण. माझ्या वहीत दुपारपर्यंतच ११० झाले होते. त्यात शॉवरचेच ८० असतील.

हे झालं दिसणारं पाणी. न दिसणारं वेगळंच. आर्यन हुक्स्ट्रा नावाच्या डच अभ्यासकानं २००२ मध्ये ‘वॉटर फूटप्रिंट’ ही कल्पना मांडली. एखादी वस्तू तयार होईपर्यंत एकूण किती पाणी लागलं, त्याचा हिशेब. जगाची सरासरी धरली तर एक किलो तांदळामागे सुमारे अडीच हजार लिटर, एक लिटर दुधामागे हजाराच्या आसपास, उसाच्या एक किलो साखरेमागे सतराशे-अठराशे. सुती टी-शर्टाला २,७०० लिटर. माझ्या अभिषेकाचं वाटीभर दूध म्हणजे शंभर-दीडशे लिटर पाणी, जे मी बेसिनमध्ये सोडत होतो.

आकडे बघून आधी हबकलो. नंतर लक्षात आलं की नुसत्या आकड्यांनी फसायला होतं. माझ्या आजीच्या गावी, कोकणात, भात पिकतो तो पावसावर. जे पाणी आकाशातून शेतात पडलं, पिकलं आणि उरलेलं नदीला गेलं, ते कुणाच्या तोंडचं काढलेलं नाही. त्या अडीच हजार लिटरांचं ओझं घ्यायचं कारण नाही. उलट चहातली दोन चमचे साखर आकड्यात किरकोळ दिसते. पण महाराष्ट्रात ऊस थोड्या जमिनीवर उभा राहून सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पितो. मराठवाड्यासारख्या दुष्काळी भागातही पितो. त्याच मराठवाड्यातल्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं. तेव्हा मी शाळेत होतो, आणि ‘पाण्याची ट्रेन’ म्हणून आम्हाला त्याची गंमत वाटली होती. म्हणून किती लिटर यापेक्षा कुठले लिटर, हे विचारणं जास्त खरं. कुणाच्या वाटचे?

रात्री विजेचा हिशेब मांडला. आमच्याकडे वीज महावितरणची. राज्यातल्या विजेचा मोठा वाटा अजून कोळशावर, आणि त्यात चंद्रपूरचं केंद्र सगळ्यात मोठ्यांपैकी एक. आपल्याकडच्या कोळशातून एक युनिट वीज काढायला साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. माझा एसी रात्रभर चालला तर आठ-नऊ युनिट खातो. म्हणजे सहा किलो कोळसा. आणि आपल्या कोळशात राखेचं प्रमाण भरपूर, तिसरा हिस्सा तरी धरा. म्हणजे मी दुलई पांघरून झोपतो तेव्हा रात्रीतून दोन किलो राख तयार होते. ती माझ्या घरात येत नाही. ती विदर्भात कुठेतरी ढिगात पडते, वाऱ्यानं उडते, तिथल्या माणसांच्या छातीत जाते.

दुलई पांघरून एसी. हे वाक्य वहीत लिहिल्यावर माझं मलाच हसू आलं.

इथे मला आजीची चूल आठवली. आजीकडे चूल होती तेव्हा राख तिच्या डोळ्यांसमोर असायची. त्याच राखेनं भांडी घासायची, उरलेली परसातल्या अळवाला. न्हाणीचं पाणी केळीला. तांदळाचं धुवण म्हशीला. किती लाकूड जळलं हे तिला सांगावं लागायचं नाही, कारण ते तिनंच डोक्यावरून आणलेलं असायचं. आजी पर्यावरणवादी वगैरे नव्हती हो. तिला तो शब्दही माहीत नसेल. आणि तिचं आयुष्य फार कष्टाचं होतं, धुरानं डोळे गेले तिचे. त्या चुलीकडे परत चला असं म्हणायची माझी हिंमत नाही, आणि तशी इच्छाही नाही. पण तिचं सगळं तिच्या नजरेत होतं.

आता मुद्द्याचं. आपल्या धर्मशास्त्रात ‘पंचसूना’ म्हणून एक कल्पना आहे. सूना म्हणजे जीव मारला जातो ती जागा. गृहस्थाच्या घरात अशा पाच जागा सांगितल्यात: चूल, पाटा किंवा जातं, झाडू, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. घर चालवायचं म्हटलं की या पाच ठिकाणी रोज किडामुंगी मरणार, काहीतरी नष्ट होणार. इलाज नाही. म्हणून रोज पाच यज्ञ सांगितले: ऋषींसाठी अध्ययन, पितरांसाठी, देवांसाठी, भूतमात्रांसाठी आणि माणसांसाठी. गीतेच्या याच १३ व्या श्लोकावर भाष्य करताना शंकराचार्यांनी पंचसूनांचाच उल्लेख केलाय. यज्ञातून उरलेलं खाणारे कोणत्या पापातून सुटतात, तर चूल वगैरे पाच ठिकाणी घडणाऱ्या.

मला हे वाचून आधी आश्चर्य वाटलं, मग बरं वाटलं. ज्यांना आपण ‘जुने लोक’ म्हणतो त्यांनी घराचा हिशेब मांडला होता. स्वतःला निष्पाप समजायची सोय त्यांनी ठेवली नव्हती. घर आहे म्हणजे कुणाचं तरी नुकसान आहे, हे धरूनच ते सुरुवात करतात.

पण मग माझ्या घरात या पाच जागा शोधायला लागलो आणि सापडेनात. चूल आहे ती इंडक्शनची, चकचकीत, धूर नाही. पाण्याचा घडा नाही, नळ आहे. झाडू रोबोट मारतो. जातं, उखळ तर मी फक्त चित्रात आणि ओटीभरणाच्या फोटोत पाहिलंय. म्हणजे मी अगदी शुद्ध झालो की! घरात हिंसेची एकही जागा नाही.

त्या जागा गेल्यात कुठे? चूल चंद्रपूरला गेली. पाण्याचा घडा शहापूरला. झाडूनं काढलेला कचरा कांजूरच्या डम्पिंगला, आणि भांडुपकरांना वारा फिरला की रात्री त्याची आठवण येते. उखळाची जागा शोधताना थोडी ओढाताण झाली. मग हातातल्या मोबाइलकडे बघितलं, ज्यावर मी रोज गीता वाचतो. त्याच्या बॅटरीत कोबाल्ट लागतं, आणि जगातलं बहुतेक कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोमधून निघतं. दगड फोडून, कुटून. ते माझं उखळ, असं म्हणूया.

पंचसूना बंद झाल्या नाहीत. त्या माझ्या दाराबाहेर गेल्या आणि आकारानं प्रचंड झाल्या. आणि प्रायश्चित्त मात्र घरातच राहिलं, तेही एका ताम्हनाएवढं. सोमवारचं लेखन मी पुसलं ते याच्यामुळे. मी देवाला देत होतो, पण जिथून घेत होतो तिथे काहीच जात नव्हतं.

इथे तुमच्यातले काहीजण म्हणतील, आणि माझा रूममेट म्हणालाच, “अरे, आपण बिल भरतो ना? पाणीपट्टी भरतो, लाइट बिल भरतो. फुकट घेतलं तर चोर.” प्रश्न बरोबर आहे, मी दोन दिवस त्यावर अडकलो होतो. पण बिल कुणाला जातं? पाणी आणणाऱ्याला, वीज विकणाऱ्याला. ज्यांची गावं कोयनेच्या जलाशयाखाली गेली त्यांना त्यातलं काय मिळतं? धरण होऊन साठ वर्षं उलटली, पुनर्वसनासाठी त्यांची नातवंडं अजून आंदोलनं करतात. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी तो चालवला, हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो. त्या शेतकऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की मुंबईला वीज हवी म्हणून आमची जमीन का? शंभर वर्षं झाली. या प्रश्नाचं उत्तर कुठल्या बिलात छापलेलं असतं? पैसे दिले की व्यवहार पुरा होतो, हे बाजाराचं गणित आहे. गीता म्हणते ज्यांनी दिलं त्यांना द्या. मध्ये उभ्या असलेल्याला दिलं म्हणजे झालं, असं ती म्हणत नाही.

आता ‘देव’ म्हणजे पावसाचा इंद्र, मावशींचा पाडा नव्हे, असंही कुणी म्हणेल. असू दे. पण साखळीतला पुढचाच दुवा कर्म आहे. आणि ज्ञानेश्वर माऊलींनी या ठिकाणी यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा लावलाय, आपल्या वाट्याला आलेलं काम. वाट्याला आलेलं काम म्हणजे फक्त नऊ ते सहा नसावं.

दुसरी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे चिंतन खोटं होईल. वही भरायला लागल्यावर चौथ्या दिवशी मी ऑफिसमध्ये सगळ्यांना माझे आकडे सांगत फिरत होतो. “तुला माहितीये, तुझ्या जीन्सला किती पाणी लागतं?” समोरचा बिचारा डबा खात होता. आधी अभिषेकाचा ताठा होता, आता हिशेबाचा. आपण किती बारकाईनं अपराधी आहोत याचाही गर्व होऊ शकतो, हे मला नव्यानं कळलं. अपराधाची वही भरत बसलं की कृती करायची राहून जाते, आणि बरंही वाटतं. आठव्या श्लोकात भगवंत आधीच सांगून ठेवतात की कर्माशिवाय देहसुद्धा चालणार नाही. खाऊ नका, पिऊ नका असं ते म्हणतच नाहीत. उरलेलं खा म्हणतात. म्हणजे आधी दुसऱ्याचा वाटा काढा, मग निवांत जेवा. मला हा क्रम आवडतो. वाटा न काढता फक्त कमी खाल्लं तर तो उपवास झाला, यज्ञ नाही झाला.

मग मी काय केलं? फार मोठं काही नाही. अभिषेक एका छोट्या पंचपात्रीत करतो, दूध चमचाभर, आणि ते तुळशीला जातं. एसी सत्तावीसवर आणि सोबत पंखा. दुलई कपाटात. चहातली साखर निम्मी केली, याचं दुःख अजून आहे. आमच्या बिल्डिंगची वरची टाकी रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं ओसंडून वाहायची, सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. तिचा आपोआप बंद होणारा फ्लोट बसवून घ्यायला मला सोसायटीच्या तीन मीटिंगा आणि एक भांडण लागलं. ते भांडण करताना मला जेवढा यज्ञ समजला तेवढा भाष्य वाचून समजला नव्हता. खरंच.

पण हे सगळं कमी घेण्याचं झालं. देण्याचं अजून बाकीच आहे. मी मावशींना विचारलं, “पाड्यावर टाकी बांधायला काही पैसे जमवले तर?” मनात होतं की त्या खूश होतील.

त्या हसल्या. “टाकी हाय दादा. दोन हायत. एक माझ्या लग्नाच्या आधीची. पाणी धरणात हाय, ते वर चढवायचं कोण? मोटर, पाइप, लाइट. आणि बिघडल्यावर दुरुस्तीला कोण येनार? तुम्ही?”

शेवटचा शब्द त्यांनी सहज म्हटला. मी दोन रात्री तो घोळवत होतो. दानाची पावती फाडून मी मोकळा होऊ पाहत होतो आणि त्यांनी मला मोकळं सोडलं नाही. आमच्या ग्रुपमध्ये दोघं इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत, एक प्लंबिंगचं काम जाणतो. मावशींच्या भावाशी फोनवर बोलणं झालं. मोटर जळून पडलीये की पाइप फुटलाय, की लाइटच पोचत नाही, हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळणार नाही, असं तो म्हणाला. जुनी योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात आहे, त्यांनाही भेटावं लागेल. आम्ही बघून नुसते परतही येऊ, तशी शक्यता बरीच आहे. त्या पाड्याला याआधी बघून गेलेले खूप आहेत.

येत्या रविवारी पहाटेच्या आसनगाव लोकलनं निघतोय. चारजण आहोत, पाचव्याला जागा आहे, यायचं असेल तर निरोप पाठवा. पुढच्या श्लोकांचं चिंतन त्यामुळे मंगळवारी येईल.

काल मावशींना सांगितलं की रविवारी येतोय. त्या म्हणाल्या, “या की. जेवायलाच या, नाचणीची भाकर करायला सांगते वहिनीला.” दारापर्यंत गेल्या, चप्पल घातली आणि मागे वळून म्हणाल्या, “फक्त प्यायचं पाणी तुमचं तुम्ही घेऊन या हं दादा. एप्रिल हाय.”